अगं, झोपलीस का?

गेल्या रविवारी वांद्रे रेक्लमेशनला, नेव्हिल डिसूझा मैदानावर, मी माझ्या भाचीवर ओरडले. "अगं, झोपलीस का? मागे बघ, मागे!" एवढंच. पण आवाज आमच्या घराण्याचा आहे. माहीमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून खालच्या पाववाल्याला थांबवायची सवय असलेला. तो पार पलीकडच्या गोलपर्यंत गेला आणि समोरच्या संघाची गोलकीपर उगाचच मागे वळून बघायला लागली.

भाची फुटबॉल खेळते, लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डाव्या कडेला. सामना १-१ होता, शेवटची दहाएक मिनिटं उरली होती. समोरची राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारी, दोन वेण्या घातलेली एक बारकीशी पोरगी, हिच्या पाठीमागून कधी सटकली ते हिला कळलंच नाही. ही आपली बॉलकडे बघत उभी. माझं ओरडून होईस्तोवर कडेवरून गोलसमोर क्रॉस आला, कुणाच्या तरी नडगीला लागला आणि आत. २-१.

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, आमच्याच संघातल्या एका मुलीचे बाबा. सभ्य माणूस, हातात मुलीची पाण्याची बाटली. ते म्हणाले, "ताई, अहो मुली आहेत. एवढ्या उन्हात खेळतायत हेच किती मोठं आहे. कौतुक करायचं सोडून ओरडताय काय?"

मी तेव्हा गप्प बसले. मला वेळेवर उत्तर सुचत नाही, ते दोन दिवसांनी भांडी घासताना सुचतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चोवीस वर्षं झाली. आता सगळं मशीन मोजतं. मी शिकले तेव्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजाव्या लागत. शंभर मोजायच्या आणि त्यांत कुठल्या जातीच्या किती ते टिपायचं. ती खोड अजून गेलेली नाही. लग्नाला गेले तरी पंगत मोजते. तर रविवारी मैदानाच्या कडेला एकतीस माणसं होती. त्यांतली एकोणीस कुणा ना कुणाची नातेवाईक. सहा मुलगे पुढच्या तासाचं टर्फ बुक करून बूट घालून तयार, यांचं कधी आटोपतंय याची वाट बघत. दोन कोच, एक वॉचमन, एक लिंबूसरबतवाला. राहिले दोन. हे दोघे वांद्र्यातलेच म्हातारे, एक हॅट घातलेले, दुसऱ्याच्या हातात काठी. कुणाचे कुणी नाहीत. रस्त्याने जाता जाता बॉल दिसला म्हणून थांबलेले. पूर्ण वेळ ते रेफ्रीला नावं ठेवत होते आणि आमच्या नऊ नंबरने सोपा गोल घालवला तेव्हा काठीवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे काय करते ही!"

एकतीस जणांत प्रेक्षक म्हणावेत असे ते दोघेच होते. बाकीचे आम्ही सगळे पालक सभेला आल्यासारखे.

कौतुक आपण कधी करतो? बाळाने पहिलं पाऊल टाकलं की. नव्या सुनेने पहिल्यांदा पुरणपोळी केली की, मग ती तव्यावर फुटून सगळं पुरण बाहेर आलेलं असलं तरी. कौतुकात प्रेम असतं, नाही असं नाही. पण एक गोष्ट आपण मनात आधीच ठरवून टाकलेली असते, की हिच्याकडून यापेक्षा जास्त काही व्हायचं नाही. ज्याला खरोखर पोळी खायची असते तो म्हणतो, पुरण सैल झालं, वेलची कमी पडली. तो पुढच्या होळीला पुन्हा येतो.

हे माझ्या एकटीचं डोकं नाही. जून २०१८ आठवतोय का? अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये चार देशांची स्पर्धा होती. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि बघायला माणसं २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. त्याने टाळ्या मागितल्या नाहीत. आमच्यावर टीका करा, तोंडावर ओरडा, शिव्या घाला, पण स्टेडियममध्ये या, असं तो म्हणाला. ४ जूनच्या केनियाच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. धो धो पाऊस. मी भाचीला घेऊन गेले होते. आठ वर्षांची होती, माझ्या ओढणीखाली डोकं घालून बसलेली. भारत ३-० जिंकला. परतताना अंधेरी स्टेशनच्या पुलावर तिने विचारलं, "आत्या, मुलींचा कधी असतो?" मी म्हटलं, बघून सांगते.

बघायला गेले तेव्हा कळलं की ते शोधणं हेच एक काम आहे.

पुरुषांच्या सामन्याची तारीख तुम्हाला शोधावी लागत नाही, ती तुम्हाला शोधत येते. मुलींच्या सामन्याची तारीख कुणाच्या तरी मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत सामना सकाळी नऊचा होता, आदल्या रात्री साडेअकराला तो दुपारी एकचा झाला. भाची नालासोपाऱ्याला राहते. सकाळच्या सामन्यासाठी ती आदल्या रात्रीच माझ्याकडे येऊन झोपली होती, तिच्या संघातल्या दोघी विरारहून पहिल्या लोकलने निघणार होत्या. एक वाजता उन्हात त्या प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी पाय ठेवून बघा, तव्यावर पाणी टाकल्यासारखं चर्र होतं. सकाळची वेळ गेली कुठे, तर मोठ्या मुलांच्या एका सामन्याला. आणि वर संध्याकाळी कुणीतरी भाषण केलं की महिला फुटबॉलला प्रेक्षक मिळत नाहीत ही खंत आहे. अहो, प्रेक्षकाला तरी कुठे माहीत होतं!

आमच्या लॅबमध्ये एक सर आहेत, रिपोर्टवर सही करणारे. माणूस चांगला आहे, रात्री जागून इंग्लंडच्या आर्सेनलचे सामने बघतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे, खेळात दम असला की लोक आपोआप येतात. "तुम्ही लोकांना जबरदस्ती करू शकत नाही मॅडम. वेग कमी, ताकद कमी. लोक का बघतील?" चहाच्या वेळी आमचं यावरून वाजतं. सेंट्रिफ्यूज फिरत असतं तोवर भांडायचं, थांबलं की कामाला लागायचं.

त्यांच्या या "आपोआप"वर माझा मुख्य आक्षेप आहे. १९२० सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' नावाच्या, कारखान्यातल्या बायकांच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. शंभर वर्षांपूर्वी. टीव्ही नाही, स्पॉन्सर नाही. कारखान्यात काम करणाऱ्या बायका आणि त्यांना बघायला ५३ हजार माणसं. म्हणजे सरांच्या हिशोबाने लोक आपोआप आलेच होते. मग काय झालं? ५ डिसेंबर १९२१ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांना सांगितलं की बायकांना मैदान द्यायचं नाही. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. तुम्ही एखाद्याच्या दुकानाला पन्नास वर्षं टाळं लावायचं, मग किल्ली परत करायची आणि वर विचारायचं, गिऱ्हाईक का नाही हो तुमच्याकडे?

सरांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, ते इंग्लंड. आपल्याकडे कुठे बंदी होती?" बंदी नव्हती, खरं आहे. आपल्याकडे १९७५मध्ये बायकांच्या फुटबॉलची वेगळी संघटना निघाली, आणि पाच वर्षांत, जानेवारी १९८०मध्ये, कोझिकोडला आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारत खेळला. चायनीज तैपेईकडून ०-२ हरलो. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम फेरी, थायलंडकडून हरलो. बंगालच्या शांती मलिकला त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, बायकांच्या फुटबॉलमधला पहिला. दोनदा आशियात दुसरे! ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हती. १९८३ म्हटलं की मला लॉर्ड्सची गॅलरी आणि कपिल देव एवढंच डोळ्यांपुढे येतं, तुम्हालाही तेच येत असणार. आपल्याकडे टाळं नाही लावलं. आपण फक्त दुकानाकडे बघितलंच नाही.

एका मुद्द्यावर सर मला गप्प करतात, तेही सांगायला हवं. ते म्हणतात, मुंबईत पुरुषांचा तरी फुटबॉल कोण बघतो? नाक्यावरच्या कुठल्याही पोराला मँचेस्टरचे अकरा जण पाठ असतात, भारताचे चार सांगता येत नाहीत. ज्या मैदानावर मी ओरडले ते ज्याच्या नावाचं आहे, तो नेव्हिल डिसूझा कोण हे तिथे रोज खेळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल मारले, आपण ४-२ जिंकलो आणि स्पर्धेत चौथे आलो. याला माझ्याकडे उत्तर नाही. पुरुषांचं दुकान ओस आहे आणि बायकांचं त्याच गल्लीत मागच्या बाजूला.

पण क्रिकेटचं बघा. इथे मात्र मी सरांना सोडत नाही.

ऑक्टोबर २०२५मधल्या विश्वचषकात आपल्या मुली लागोपाठ तीन सामने हरल्या, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. काय काय बोलले लोक! आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांनी २०१७च्या आधी एकाही महिला क्रिकेटरचं नाव ऐकलं नव्हतं, ते जिन्यात उभे राहून हरमनप्रीतची कॅप्टन्सी कशी चुकते हे मला समजावत होते. इंग्लंडविरुद्ध वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्सला संघाबाहेर बसवलं तेव्हा रिक्षावाल्याने त्यावर मत दिलं. भाडं सत्तावीस रुपये, मत फुकट. मला राग यायला हवा होता, पण मी मनातून खूश होते. म्हटलं, झालं, आता या बायकांचा खेळ लोकांच्या घरात आला. कुणी म्हणत नव्हतं की मुली आहेत, प्रयत्न करतायत. लोक चिडले होते, कारण लोकांना जिंकायचं होतं. मग ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच जेमिमाने नाबाद १२७ केले, आणि २ नोव्हेंबरला तिथेच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप घेतला. जिन्यातले काका रडले. दोन आठवड्यांपूर्वी शिव्या घातल्या होत्या म्हणून रडू शकले. कौतुक करणारा माणूस रडत नाही, तो "छान, छान" म्हणून चॅनेल बदलतो.

आता त्याच नेरुळच्या स्टेडियमची दुसरी बाजू सांगते, कारण ती माझ्या जिव्हारी लागलेली आहे.

जानेवारी २०२२मध्ये बायकांची आशियाई फुटबॉल स्पर्धा आपल्याकडे होती, नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याला. यजमान म्हणून भारत थेट खेळणार. मी आणि भाची किती दिवस वाट बघत होतो! आणि कोविडची तिसरी लाट आली. प्रेक्षकांना प्रवेश नाही. माहीमहून नेरुळ ते किती लांब, तरी टीव्हीवर बघायचं. २० जानेवारीला इराणशी ०-०. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेला, आपल्याला चांगल्या संधी मिळाल्या आणि एकही आत गेली नाही. मी टीव्हीवर ओरडले, रिकाम्या खुर्च्यांवर माझा आवाज कुठून जायला. मग २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता. आम्ही पोहे करून बसलो. सामना झालाच नाही. भारताच्या इतक्या खेळाडूंना कोविड झाला होता की संघ उतरवायला लागणाऱ्या तेरा जणीसुद्धा उभ्या राहिल्या नाहीत. स्पर्धेतून बाहेर. स्वतःच्या देशात, न हरता. भाचीने पोह्यांची ताटली तशीच ठेवली आणि बाल्कनीत जाऊन बसली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात आला. आपला संघ भुवनेश्वरला खेळला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एक मारला नाही. आणि दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे काय, तर मुलींनी मनं जिंकली. मनं! मला विचाराल तर त्या मुलींचा तो अपमान होता. झारखंडमधल्या, मणिपूरमधल्या पोरी शिबिरात महिनोन्‌महिने राबवल्या, पण त्यांना खेळायला सामने किती मिळाले होते, त्यांच्या वयाची बारा महिने चालणारी लीग कुठे होती, हे कुणी रागावून विचारलं का? मनं जिंकली म्हटलं की प्रश्न संपतो. आठ गोल खाल्ले म्हटलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

अंतिम सामना मात्र आम्ही स्टेडियममध्ये जाऊन बघितला. ३० ऑक्टोबर २०२२, नेरुळ, स्पेन आणि कोलंबिया. योगायोग बघा, तीन वर्षांनी जेमिमाची खेळी झाली ती तारीखही हीच. कोलंबियाची लिंडा कैसेदो त्यात होती. सतरा वर्षांची. पंधराव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगातून उठलेली. बॉल तिच्याकडे गेला की आमच्या स्टँडमधली माणसं, जी निम्मी तरी नुसती रविवारची करमणूक म्हणून आलेली, ती आपोआप पुढे वाकायची. हां, हे "आपोआप" मला मान्य आहे. ८२व्या मिनिटाला कोलंबियाकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० जिंकलं. माझ्या मागच्या ओळीतला एक पोरगा डोकं धरून बसला. "अरे, क्लियर कर ना यार!" त्याला कोलंबिया नकाशावर दाखवता आलं नसतं. पण तो त्या क्षणी कोलंबियाचा होता.

नऊ महिन्यांनी, २०२३च्या मोठ्या विश्वचषकात, त्याच कैसेदोने सिडनीत जर्मनीच्या दोघींना चकवून गोल मारला आणि कोलंबियाने जर्मनीला २-१ हरवलं. भाची वर्गात सगळ्यांना सांगत सुटली, हिला मी बघितलंय, इथे, नेरुळला.

बाकी रोजचं म्हणाल तर त्यात फारसं नाट्य नाही. घरभर काळे रबराचे दाणे असतात, टर्फवरचे. बुटातून, मोज्यातून येतात आणि वॉशिंग मशीनमध्ये राहतात. परवा माझ्या लॅबच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन निघाले. लोकलमध्ये बायका विचारतात, बॅगेत काय, हॉकी का? संघाला कुणीतरी दानशूराने पांढऱ्या चड्ड्यांचं किट दिलं होतं. पाळीच्या दिवसांत पोरींचं अर्धं लक्ष बॉलवर आणि अर्धं चड्डीवर. आतून काळ्या सायकलिंग शॉर्ट्स घालून निभावायच्या. २०२३मध्ये इंग्लंडच्या बायकांनी पांढऱ्याच्या निळ्या करून घेतल्या ती बातमी भाचीने कोचना पाठवली, एक अक्षर न लिहिता. पुढच्या मोसमात गडद निळ्या आल्या. आणि एक गंमत, मैदानावर या पोरी एकमेकींना सावध करायला अजून "मॅन ऑन, मॅन ऑन" असंच ओरडतात. मागून येणारी दोन वेण्यांची असली तरी.

गळती खरी लागते ती दहावीनंतर. राज्यस्तरावर वगैरे खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तोवर घरचे खुशीत सोडतात. गुण मिळाले की बूट माळ्यावर. भाचीच्या शाळेच्या संघातल्या चौदा जणींतल्या आज तिघी खेळतात. माझा भाऊ काही वाईट नाही, पण तोही दर महिन्याला विचारतो, "ताई, यातून पुढे काय?" मी त्याला सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण सांगते. मनीषा कल्याण युरोपात जाऊन बायकांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली हे सांगते. तो म्हणतो, "हां, पण ती पंजाबची." जणू पंजाबमध्ये मुली वेगळ्या मातीच्या करतात. त्याच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, क्रिकेटच्या क्लासला घालताना त्याने यातून पुढे काय हे विचारलं नव्हतं. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस." वहिनी म्हणजे त्याची बायको, जिने बूट घेऊन दिलेत.

असो. जुलै २०२५मध्ये मात्र मला वाटलं, काहीतरी हललं. पुढच्या आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी थायलंडमध्ये चियांग माईला होती. भारताने तीन सामन्यांत २२ गोल मारले, एकही खाल्ला नाही. थायलंडचेही २२, तेही एकही न खाता. ५ जुलैला दोघांची गाठ, जिंकेल तो जाणार. क्रमवारीत ते ४६वे, आपण ७०वे. संगीता बासफोरने दोन गोल मारले आणि आपण २-१ जिंकलो. बायकांच्या संघाने पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत जाण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी शोधली, सापडली, आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीच्या वर. मी ती कापून लॅबच्या फ्रिजवर लावली. सरांनी वाचली. म्हणाले, "पहिला गोल कसा गेला? कीपरची चूक होती का?" मी चहाचा कप हातात घेऊन दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मग आम्ही फोनवर तो गोल चार वेळा बघितला.

आता मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियाला ती स्पर्धा आहे. ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनाम, ७ला जपान, आणि १० मार्चला सिडनीत चायनीज तैपेई. तीच चायनीज तैपेई. कोझिकोडची, आणि २३ जानेवारी २०२२च्या न झालेल्या सामन्याची. मंगळवार आहे, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, ठीक आहे, पण स्कोअर कळवा. जपानसमोर आपलं काय होईल याची मला धास्ती आहे. पण व्हिएतनामशी हरलो, तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तर रविवार. ओरडल्यावर सामना २-१ असाच संपला, आम्ही हरलो. भाची माझ्याशी बोलली नाही. टॅक्सीत नाही, माहीम कॉजवेला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा नाही, जिन्यात नाही. मला वाटलं, त्या बाबांचं बरोबर होतं बहुतेक. उगाच ओरडले. रात्री साबुदाण्याच्या खिचडीसाठी शेंगदाणे भाजले होते, ते ताटात काढून ठेवले होते. ही आंघोळ करून आली, ओल्या केसांनी समोर फतकल मारून बसली आणि ताट पुढे ओढलं.

"हे बघ. ही मी." एक शेंगदाणा डावीकडे. "ही आमची सेंटर बॅक. ही त्यांची विंगर." तिने ओळीने चार दाणे लावले, एक थोडा मागे. "आम्ही तिघी वर सरकलो होतो. पास झाला तेव्हा ती आमच्या सगळ्यांच्या मागे असती, म्हणजे ऑफसाइड, गोल रद्द. ही एकटी मागे राहिली. हिच्यामुळे ती ऑनसाइड झाली. झोपली ही होती. मी नाही."

"पण तू मागे बघितलं असतंस तर?"

"का बघू? लाइन धरायची ठरलेली असताना मागे बघायचं नसतं. तुला ऑफसाइड कळतो का आत्या, खरं सांग?"

"मला नको शिकवू. विंगर तुझी होती."

"नव्हती!"

आम्ही पाऊण तास भांडलो. विंगरला तीनदा हलवलं. रेफ्री म्हणून एक मिरची आणली. खिचडी गार झाली. शेवटी मला भूक लागली होती आणि हार मानायची नव्हती, म्हणून मी ती सेंटर बॅक उचलली आणि खाऊन टाकली.